सातव्या पावलाचे सख्य
सिंदखेडराजाची रंगपंचमी आणि मराठी ऐतिहासिक कादंबरीतील प्रेम

एखाद्या गतकाळाची पार्श्वभूमी घेऊन त्या काळातील स्त्री-पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट सांगणाऱ्या कादंबरीला ऐतिहासिक प्रणयकथा म्हणतात. तिची नायक-नायिका कधी इतिहासात खरोखर होऊन गेलेली असतात, तर कधी केवळ काळ खरा असतो आणि माणसे कल्पित असतात. या प्रकारातील जे कथासूत्र वाचकांना वर्षानुवर्षे विशेष प्रिय राहिले आहे, त्यात नायक आणि नायिका आधी सवंगडी असतात, एकमेकांच्या खोड्या काढतात, एकमेकांचे दोष जाणतात आणि पुष्कळ काळानंतर त्यांच्या लक्षात येते की, या सोबतीलाच प्रेम म्हणायचे असते. मराठीत हे सूत्र सरळ उचलून चालत नाही, कारण ज्या काळावर मराठी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या गेल्या त्या काळात मुलामुलींचे विवाह बालपणीच ठरत, आणि मैत्रीला प्रेमापर्यंत पोहोचण्याइतका अवधी लग्नाआधी मिळत नसे. तरीही मराठी मनात घर करून राहिलेली एक गोष्ट बालसवंगड्यांच्या खेळातूनच सुरू होते, आणि तिचे गाव बुलढाणा जिल्ह्यात आहे.

हे गाव म्हणजे सिंदखेडराजा. निजामशाहीतील मातब्बर सरदार लखुजी जाधवराव यांचे हे ठाणे आणि जिजाबाईंचे जन्मस्थान. १२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतारीख मानली जाते आणि दर वर्षी त्या दिवशी येथे जन्मोत्सवासाठी मोठा समुदाय लोटतो. लखुजींचा राजवाडा, मोती तलाव, चांदणी तलाव, कोरीव पुतळ्यांमुळे नाव मिळालेली पुतळा बारव आणि जाधवरावांची भव्य समाधी अशा वास्तूंच्या मालिकेत रंगमहाल नावाची एक वास्तू आहे. शहाजी आणि जिजाबाई यांनी बालपणी एकमेकांवर रंग उधळला तो येथेच, असे लोकपरंपरा सांगते.

ती कथा थोडक्यात अशी. वेरूळचे मालोजी भोसले जाधवरावांच्या पदरी होते. शिमग्याच्या सणाला ते आपला लहानगा मुलगा शहाजी याला घेऊन जाधवरावांकडे गेले. तेथे शहाजी आणि जाधवरावांची चिमुकली कन्या जिजा शेजारी बसली आणि खेळता खेळता एकमेकांवर रंग उडवू लागली. जाधवराव कौतुकाने मुलीला म्हणाले की, हा नवरा तुला पसंत आहे का. जोडा तर शोभून दिसतो. मालोजींनी तत्क्षणी उभे राहून भरल्या सभेला साक्षी ठेवले आणि जाधवरावांनी मुलगी दिली, आता ते आपले व्याही झाले, असे जाहीर केले. विनोदाने उच्चारलेला शब्द असा गळ्यात पडल्यावर जाधवरावांनी, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या घरातील स्त्रियांनी, हा संबंध नाकारला. पुढे मालोजींना देवीच्या कृपेने गुप्तधन सापडले, निजामशाहीत त्यांची मनसब म्हणजे दरबारी दर्जा वाढला, आणि तोलामोलाची अडचण दूर झाल्यावर लग्न लागले.

ही कथा विस्ताराने येते ती उत्तरकालीन बखरींत. बखर म्हणजे राजपुरुषांचे चरित्र व पराक्रम सांगणारे जुने मराठी गद्य. तिच्यात इतिहास असतो, तशीच ऐकीव माहिती आणि रंगवून सांगण्याची हौसही असते. इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही कथा घेतली, प्रसंगाचे साल १५९९ दिले आणि त्या वेळी शहाजी पाच वर्षांचे, तर जिजाबाई तीन-चार वर्षांच्या असल्याचे लिहिले. जिजाबाईंचा जन्म १५९८ चा धरला, तर त्या शिमग्याला त्या जेमतेम वर्षाच्या ठरतात आणि रंग उधळण्याचा प्रसंग डळमळीत होतो. शिवाजी महाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदाने रचलेल्या शिवभारत या संस्कृत काव्यात जाधवरावांनी आपली कन्या शहाजींना दिल्याचे वर्णन आहे, परंतु तेथे दोन कुळांच्या योग्यतेला महत्त्व आहे. रंगपंचमीचा प्रसंग इतिहास म्हणून स्वीकारण्यात त्यामुळे अडचण आहे. लोकांनी तो इतक्या निष्ठेने का जपला, हा प्रश्न मात्र त्यामुळे अधिकच महत्त्वाचा होतो.

खेळ मुलांचा, शब्द वडिलांचा

कथा बारकाईने पाहिली, तर तिच्यात मुले बोलतच नाहीत. रंग उडवणे एवढेच त्यांचे काम. त्या खेळाला अर्थ देणारे जाधवराव, त्या अर्थाला वचनाचे रूप देणारे मालोजी आणि वचन नाकारणारी घरची माणसे ही सारी वडीलधारी मंडळी आहेत. बखरकाराला ही गोष्ट सांगायची होती ती भोसले कुळाचा मान कसा वाढला हे दाखवण्यासाठी. त्याच्या दृष्टीने गोष्टीचा गाभा म्हणजे दोन घराण्यांतील तोलामोलाचा झगडा. लोकांनी मात्र यातली मनसब बाजूला सारली आणि रंगाची मूठ तेवढी लक्षात ठेवली. होळीनंतर पाचव्या दिवशी, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमीला येणाऱ्या रंगपंचमीशी तिची गाठ पक्की झाली आणि एका राजकीय सोयरिकीला बालमैत्रीचा आरंभ मिळाला.

ऐतिहासिक कादंबरीकाराचे काम येथून सुरू होते. बखरीने ज्या दोघांना मुके ठेवले त्यांना तो बोलते करतो आणि वडीलधाऱ्यांच्या कथेचे केंद्र मुलांच्या मनाकडे सरकवतो. मराठी कादंबऱ्या आणि नाटके यांनी, त्याचप्रमाणे २०१९ साली सुरू झालेल्या ‘स्वराज्यजननी जिजामाता’ या दूरचित्रवाणी मालिकेसारख्या नव्या माध्यमांनीही जिजाबाईंचे बालपण उभे करताना नेमकी हीच मोकळी जागा भरली आहे.

विलायती सूत्र आणि मराठी अडचण

मैत्रीतून प्रेम हे सूत्र इंग्रजी कादंबरीत रुजले त्याला तेथील समाजरचना कारणीभूत होती. जेन ऑस्टेनची ‘एमा’ ही १८१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेली कादंबरी या सूत्राचा नमुना मानली जाते. तिची नायिका आणि श्रीयुत नाइटली हे जुने स्नेही आहेत. तो तिच्या चुका तोंडावर सांगतो, ती त्याच्याशी वाद घालते, आणि हा वादच त्यांच्या प्रेमाची पूर्वतयारी ठरतो. विसाव्या शतकात जॉर्जेट हेयर यांच्यासारख्या लेखिकांनी त्याच कालखंडावर प्रणयकथा लिहून हे सूत्र लोकप्रिय केले. हे जुळण्यासाठी विशी गाठलेली अविवाहित मुलगी, घरी येणे-जाणे असलेला परपुरुष आणि नकार देण्याची थोडीतरी मुभा या तीन गोष्टी लागतात.

सतराव्या-अठराव्या शतकातील महाराष्ट्रात, निदान सरदार-जहागीरदारांच्या घरांत, या तिन्ही गोष्टी दुर्मीळ होत्या. कादंबरी हा प्रकार मराठीत आला तेव्हाही परिस्थिती फारशी निराळी नव्हती. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला आणि त्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा केले. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ साली संमत झाला. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या आरंभीच्या कादंबऱ्यांनी म्हणूनच अद्भुतरम्यतेचा आश्रय घेतला. अद्भुतरम्य म्हणजे जिच्यात योगायोग, संकटे, वियोग आणि चमत्कारिक सुटका यांची रेलचेल असते अशी रचना. अशा कथेत प्रेम दर्शनमात्रे जडते आणि ओळख वाढण्याची गरज उरत नाही. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’ने १८७१ साली मराठीत ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला आणि हरि नारायण आपटे यांनी ‘उषःकाल’सारख्या कृतींतून तिला वास्तवाचे भान दिले. तथापि त्या काळच्या ऐतिहासिक कादंबरीचे मुख्य लक्ष स्वराज्य आणि पराक्रम यांच्याकडे होते. प्रेमाच्या वाट्याला बहुधा बाजूचा धागा येई.

मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणावर कडक टीका झाली तीही बुलढाण्यातूनच, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे तेथील सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि हे कुटुंब सत्यशोधक विचारांचे होते. सुरतेतील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर चाललेला अर्भकहत्येचा खटला आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर झालेली दोषारोपांची सरबत्ती हे त्या निबंधाचे तात्कालिक कारण होते. ताराबाईंनी मात्र पुरुषांनी लिहिलेल्या पोथ्या-पुस्तकांतील स्त्रीलाही तपासणीला घेतले आणि त्यात ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या लोकप्रिय पुस्तकांचाही समाचार घेतला. नवऱ्याला देव मानायचे असेल, तर त्याने देवासारखे वागले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद सुप्रसिद्ध आहे. प्रणयकथेच्या संदर्भात त्याचा अर्थ असा निघतो की, जेथे एक देव आणि दुसरी दासी आहे तेथे मैत्री संभवत नाही, आणि मैत्री नसेल तर ज्याला कादंबरी प्रेम म्हणते ते केवळ आज्ञापालन असते. पुढे जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली.

आधी लग्न, मग मैत्री

मराठी ऐतिहासिक कादंबरीने या अडचणीतून जो मार्ग काढला त्यात घटनांचा क्रमच उलटला. विलायती सूत्रात मैत्री, मग प्रेम आणि शेवटी लग्न असा प्रवास होतो. मराठी सूत्रात आधी लग्न लागते, मग नवरा-बायको एकमेकांचे सवंगडी होतात आणि त्या सवंगडीपणातून प्रेम उगवते. या क्रमाला परंपरेचा आधारही आहे. विवाहविधीतील सप्तपदीत वधू-वर सात पावले बरोबर चालतात. अन्न, बळ, समृद्धी अशा एकेका हेतूने पावले टाकत गेल्यावर सातवे पाऊल सख्यासाठी, म्हणजे मैत्रीसाठी असते. म्हणजे मैत्री लग्नाची पूर्वअट नसली, तरी लग्नाची परिणती मात्र आहे, असे तो विधीच सांगतो. या सातव्या पावलाला प्रत्यक्षात किती वर्षे लागतात, हे दाखवणे हेच मराठी ऐतिहासिक प्रणयकथेचे खरे क्षेत्र ठरले.

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. तिला १९६४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १७६१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवेपदावर आलेले माधवराव आणि त्यांची पत्नी रमाबाई यांचे नाते या कादंबरीत राज्यकारभार, चुलत्याशी चाललेला संघर्ष आणि क्षयाचे दुखणे यांच्या छायेत वाढते. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांचा मृत्यू झाला आणि रमाबाई सती गेल्या, हा शेवट प्रत्येक वाचकाला आधीच ठाऊक असतो. त्यामुळे पुढे काय होणार ही उत्सुकता संपते, आणि हाती असलेल्या थोड्या दिवसांत हे दोघे एकमेकांना कितपत ओळखतील, एवढाच प्रश्न उरतो.

शिवाजी महाराज आणि सईबाई यांचे नाते हे याचे दुसरे उदाहरण. दोघांचा विवाह १६४० साली पुण्यात झाला तेव्हा महाराज दहा वर्षांचे होते. सईबाई फलटणच्या निंबाळकर घराण्यातल्या, आणि मालोजींच्या पत्नी, म्हणजे महाराजांच्या आजी, याही त्याच घराण्यातल्या. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाई निवर्तल्या तेव्हा संभाजीराजे अवघे दोन वर्षांचे होते. या एकोणीस वर्षांच्या सहवासाविषयी कागदपत्रे फार थोडी आहेत. देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’सारख्या कादंबऱ्यांनी बरोबरीने वाढलेल्या जोडप्याचा जिव्हाळा त्या मोकळ्या जागेत रंगवला, तो याच तर्काने की दहाव्या वर्षी लग्न झालेली मुले आधी खेळगडीच असणार.

घराण्यांतील जुन्या नात्यांचा उल्लेख येथे सहज झालेला नाही. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल होती आणि इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंस्थेवरील १९५३ च्या आपल्या ग्रंथात तिची सविस्तर मीमांसा केली आहे. मामाच्या गावी सुट्टीला गेलेला भाचा आणि तेथे अंगणात खेळणारी मामेबहीण यांना जुन्या समाजातही एकमेकांना पारखण्याचा अवधी मिळत असे. मैत्रीतून प्रेम या सूत्राला अस्सल देशी जमीन हवी असेल, तर ती या आते-मामे नात्यात सापडते. दरबारी माणसांवर लक्ष केंद्रित करणाऱ्या ऐतिहासिक कादंबरीने तिचा उपयोग तुलनेने कमी केला.

याच्या विरुद्ध टोकाला ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ (१९७२) आहे. बाजीराव आणि मस्तानी यांचे प्रेम विवाहसंस्थेच्या रूढ चौकटीबाहेरचे असल्याने तेथे ओढ आणि विरोध हेच कथेचे बळ ठरते, आणि बाजीरावांच्या पत्नी काशीबाई यांच्या वाट्याला आलेले सहवासाचे नाते त्या झळाळीपुढे मूक होऊन जाते. ‘स्वामी’ आणि ‘राऊ’ शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे प्रेमाच्या दोन जाती स्पष्ट दिसतात. एक झपाट्याने पेटते आणि जगाशी भांडते. दुसरी मुरत जाते आणि मुख्यतः काळाशी झगडते.

‘तू’पासून ‘आपण’पर्यंत

मुरत जाणारे प्रेम शब्दांत पकडणे अवघड असते, आणि मराठीत त्यासाठी भाषेतच एक विलक्षण साधन आहे. इंग्रजी कादंबरीत पात्रे आडनावावरून पहिल्या नावावर आली की जवळीक वाढल्याचे कळते. मराठीत याच्या अगदी उलट घडते. अंगणात खेळणारी मुले एकमेकांना ‘अरे’, ‘अगं’ म्हणतात. लग्नाच्या दिवसापासून मुलीला त्याच सवंगड्याला ‘अहो’ म्हणावे लागते, त्याचे नाव ओठांवर आणता येत नाही, आणि राजघराण्यात तर दोघांमध्ये ‘आपण’ आणि ‘स्वारी’ येऊन उभी राहतात. म्हणजे नाते जसे जवळ येते तशी भाषा दूर जाते. नाव घेण्याचा निषेध आणि तो मोडण्याची एकमेव सभ्य वाट असलेला उखाणा, म्हणजे नवऱ्याचे नाव गुंफलेली छोटी पद्यरचना, यांत मराठी समाजाने ही कोंडी आणि तिची गंमत दोन्ही जपली आहेत.

कुशल लेखक या अंतराचाच उपयोग करतो. सारीपाटाच्या डावात सोंगटी मारल्यावर निसटलेले हसू, चारचौघांत ‘आपण’ म्हणणाऱ्या पत्नीने एकांतात दिलेले फटकळ उत्तर, आजारपणात गळून पडलेले सन्मानाचे शब्द, अशा बारीक फटींतून जुनी मैत्री डोकावते आणि वाचकाला समजते की, ‘अहो’च्या पडद्यामागे तो ‘अरे’ अजून जिवंत आहे. ज्या कादंबरीत राजा आणि राणी शयनगृहातही दरबारी भाषण करतात तेथे ही फट बुजते, मखर तेवढे उरते, आणि ताराबाईंनी दाखवलेली देव-दासीची जोडी पुन्हा उभी राहते. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा सर्वांत मोठा दोष येथेच आहे, कारण वंदनीय व्यक्तींविषयी लिहिताना आदर सुटू नये या धास्तीने लेखक त्यांना हसू देत नाही, रागावू देत नाही, आणि म्हणून त्यांना मित्रही होऊ देत नाही.

रंगमहालानंतरची वर्षे

शहाजी आणि जिजाबाई यांच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र आहे, कारण त्यांच्या आयुष्याचा मधला भाग मैत्रीची कठोर परीक्षा पाहणारा होता. दौलताबादेस खंडागळे या सरदाराचा हत्ती बिथरल्यावरून उसळलेल्या चकमकीत जिजाबाईंचे बंधू दत्ताजी आणि शहाजींचे चुलतभाऊ संभाजी मारले गेले आणि खुद्द शहाजी जाधवरावांच्या हातून जखमी झाले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजी निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या बाजूने लढले, तर जाधवराव त्या वेळी मुघलांकडे होते. जुलै १६२९ मध्ये निजामशाही दरबारात लखुजींची त्यांच्या मुलांसह हत्या झाली. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. निजामशाही बुडाल्यावर शहाजी आदिलशाहीच्या चाकरीत गेले आणि बंगळूर ही त्यांची कर्मभूमी झाली, तर जिजाबाई मुलासह पुण्याच्या जहागिरीत राहिल्या. शहाजींच्या दरबारातील कवी जयराम पिंडे याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त जिजाबाई शहाजींना शोभणारी पत्नी म्हणून येतात. चंपू म्हणजे गद्य आणि पद्य यांचे मिश्रण असलेले काव्य. हे काव्य इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली प्रकाशात आणले. परंतु माहेर आणि सासर एकमेकांवर तलवार धरून उभे असताना, आणि पुढे पती शेकडो कोसांवर असताना, या दोघांमध्ये काय बोलणे झाले, हे कोणताही कागद सांगत नाही.

२३ जानेवारी १६६४ रोजी आजच्या कर्नाटकातील होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजींचा अंत झाला. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत असे येते की, ही वार्ता येताच जिजाबाई सती जायला निघाल्या आणि महाराजांनी त्यांच्या मांडीवर बसून, गळ्याला मिठी घालून त्यांना परावृत्त केले. तो निश्चय धर्म म्हणून होता, कुळाची रीत म्हणून होता की सोबतीच्या ओढीने होता, हे ठरवता येत नाही. तिन्ही एकत्र असणेही संभवते. येथे एक गोष्ट मात्र ध्यानात येते. या नात्याचा आरंभ सांगणारी रंगपंचमी पुष्कळ उशिरा लिहिली गेली, तर शेवट सांगणारी नोंद घटनेनंतर तीस वर्षांतली आहे. म्हणजे लोकांनी शेवट आधी ऐकला. एवढ्या वियोगानंतरही जिला पतीच्या मागे जगणे नको झाले तिच्या मनात काय होते, या कोड्याचे उत्तर त्यांनी मागे जाऊन शोधले आणि ते त्यांना दोन मुलांच्या रंगलेल्या हातांत मिळाले.

शहाजींची समाधी होदिगेरेला आहे, जिजाबाईंची रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला, जेथे महाराजांच्या राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी त्यांनी देह ठेवला. ज्यांच्या समाध्याही एकमेकींपासून इतक्या दूर आहेत त्या दोघांना शेजारी बसवणारी जागा लोकस्मृतीला हवी होती, आणि तिने ती बुलढाणा जिल्ह्यातील एका रंगमहालात नेमून दिली.